मुदतबाह्य ऋण

मराठी घरातील भांड्यांवर नावे असतात, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. लग्नात आलेल्या घागरीवर मामाचे नाव असते, मुंजीतल्या तांब्यावर बटूचे नाव आणि शक असतो, देवळातल्या समईवर किंवा घंटेवर ती अर्पण करणाऱ्या यजमानाचे नाव आणि गाव असते. वकिलीच्या व्यवसायात वाटणीच्या दाव्यांच्या निमित्ताने अशा भांड्यांच्या याद्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. हंडा कोणाचा, परात कोणाची, पंचपात्र कोणाच्या माहेरचे, याचा निवाडा अनेकदा त्या कोरलेल्या अक्षरांवरूनच होतो. भांडे कोणी दिले, कोणास दिले आणि केव्हा दिले, हे सारे ते स्वतःच सांगते. ज्याने ते ठोकून घडवले त्या तांबटाचे नाव मात्र या याद्यांत आमच्या दृष्टीस कधी पडले नाही. कायद्यालाही त्याची गरज भासत नाही. तांबटाला मजुरी मिळाली, वस्तू गिऱ्हाइकाच्या हवाली झाली, व्यवहार पुरा झाला. त्यानंतर घडवणाऱ्याचा त्या वस्तूशी काही संबंध उरतो, असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही.

हा संबंध खरोखरच संपतो काय, हा प्रश्न आम्हांस पडला तो फार दूरच्या एका देशातील मातीच्या भांड्यांमुळे. सांस्कृतिक वस्तूंच्या मालकीहक्काविषयी काही वाचन चालले असता जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यात १९६५ साली झालेला एक करार हाती आला. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात, आणि त्याच्या थोडे आधीही, कोरियातून जपानात गेलेल्या पुष्कळ वस्तूंपैकी सुमारे चौदाशे वस्तू या कराराने परत आल्या, आणि त्यांत जुनी मृत्पात्रे बरीच होती. आमचे लक्ष वेधले ते करारातील एका क्रियापदाने. या वस्तू जपानने ‘परत कराव्यात’ असे कोरियाचे म्हणणे होते. आपण त्या ‘भेट देत’ आहोत असे जपानचे म्हणणे होते. परत केल्या म्हटले तर नेल्याची कबुली होते, आणि भेट दिल्या म्हटले तर मालकी मान्य होते. अखेर दोन्ही पक्षांनी ‘हवाली करणे’ हा शब्द स्वीकारला. वकिलाच्या दृष्टीने हा शब्द निर्दोष आहे. ताबा कोणाकडून कोणाकडे गेला एवढेच तो सांगतो, आणि हक्काविषयी चकार शब्द काढीत नाही. परंतु असा शब्द शोधण्याची पाळी ज्या वस्तूंमुळे आली, त्या होत्या तरी काय, या जिज्ञासेने आम्ही कोरियन कुंभारकामाच्या इतिहासाकडे वळलो.

त्या इतिहासात आम्हांस पहिला धक्का बसला तो एका ओळखीच्या शब्दाने. गोर्यो राजवंशाच्या काळात, म्हणजे ९१८ ते १३९२ या शतकांत, कोरियातील बौद्ध मठांत आणि घरांत शुद्ध पाणी ठेवण्याचे एक विशेष पात्र असे. पोट अंडाकृती, त्यावर उंच निमुळता गळा, आणि खांद्यावर झाकणाची एक आखूड तोटी. तोटीतून पाणी भरावयाचे आणि गळ्यातून ओतावयाचे. या पात्राला जगभरचे अभ्यासक कुंडिका म्हणतात, आणि हा शब्द आपल्या संस्कृतातलाच आहे. भिक्षूने जवळ बाळगावयाच्या अठरा वस्तूंत पूर्व आशियातील बौद्ध परंपरा अशा जलपात्राची गणना करते. भारतातील परिव्राजकाचे कमंडलू चीनमार्गे कोरियात पोचले, वाटेत त्याचा आकार बदलला, परंतु कुंडिका हे नाव ‘गुन्जी’ अशा अपभ्रष्ट रूपाने कोरियन भाषेत राहिले. अवलोकितेश्वराच्या गोर्योकालीन चित्रांत त्या करुणामूर्तीजवळ अशीच कुंडिका आणि तीत विलो वृक्षाची डहाळी दिसते. कधी ती काशाची असे आणि तिच्यावर बिदरी भांड्यांप्रमाणे चांदीच्या तारेची नक्षी भरलेली असे, तर कधी ती हिरव्या झिलईच्या मातीची असे.

या हिरव्या झिलईनेच कोरियाचे नाव प्रथम परदेशी गेले. ही विद्याही मूळची त्यांची नव्हे. चीनच्या झेजियांग प्रांतातील यूए भट्ट्यांतून ती दहाव्या शतकाच्या सुमारास कोरियात आली. झिलईत लोहाचा अल्पसा अंश असतो. भट्टी सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवून आतील हवा कोंडली म्हणजे तो लोहांश हिरवट निळी छटा धारण करतो. हवा थोडी अधिक शिरली तर भांडे पिवळसर तपकिरी होऊन वाया जाते. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील गांगजिन आणि बुआन येथील कुंभारांनी ही छटा इतकी साधली की ११२३ साली सोंग सम्राटाच्या वकिलातीबरोबर आलेल्या शू जिंग या चिनी अधिकाऱ्याने आपल्या वृत्तांतात तिचा मुद्दाम उल्लेख केला. गोर्योचे लोक या रंगाला ‘बिसेक’ म्हणतात, अलीकडे त्यांची कारागिरी फार सुधारली आहे, असे तो सांगतो, आणि सिंहाच्या आकाराच्या धूपपात्राची विशेष वाखाणणी करतो. शुद्ध पाण्याच्या त्या कुंडिका सरदार, अधिकारी, मठ आणि सामान्य घरे, सर्वत्र वापरतात, हीही नोंद त्याचीच आहे. पुढे दक्षिण सोंग काळातील एका चिनी ग्रंथकाराने जगातील सर्वोत्तम वस्तूंची यादी केली, तीत त्याने आपल्या देशातील हिरवी भांडी वगळून गोर्योच्या बिसेकला स्थान दिले. गुरूने शिष्याचे श्रेष्ठत्व मान्य केल्याचे असे उदाहरण विरळाच.

बाराव्या शतकात या कुंभारांनी आणखी एक पाऊल टाकले. अर्धवट सुकलेल्या भांड्यावर नक्षी खोदावयाची, खाचांत पांढरी किंवा तांबडी माती भरावयाची, वरचा भाग खरवडून साफ करावयाचा, आणि एकदा भाजून मग झिलई चढवून पुन्हा भाजावयाचे. तांबडी माती भट्टीत काळी होते. असे हे पांढरे करकोचे आणि काळ्या-पांढऱ्या रेषांचे ढग हिरव्या झिलईखालून पाण्याच्या तळाशी दिसावेत तसे दिसतात. या कामास ‘संगाम’ म्हणतात. या रीतीचा मातीच्या भांड्यांवर इतका पूर्ण विकास दुसऱ्या कोणत्याही देशात झाला नाही.

हे सर्व करणाऱ्यांची नावे काय होती? २००७ साली कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तेआन येथे एका कोळ्याच्या जाळ्यात अष्टपाद आला, आणि त्याने एक हिरवी बशी कवटाळलेली होती. त्या खुणेवरून शोध घेता बाराव्या शतकात बुडालेले एक जहाज सापडले, आणि त्यात वीस हजारांहून अधिक हिरवी भांडी होती. त्यांच्या बरोबर मालाच्या लाकडी पट्ट्याही मिळाल्या. माल गांगजिनहून निघाला, राजधानीत अमक्या अधिकाऱ्याच्या घरी पोचवावयाचा, नग इतके, असा मजकूर त्यांवर आहे. तो वाचताना आम्हांस आमच्या वाटणीच्या याद्याच आठवल्या. घेणाऱ्याचे नाव आहे, गावाचे आहे, संख्या आहे. घडवणाऱ्याचे नाही.

१३९२ साली जोसॉन राजवंश आला आणि देशाची रुची पालटली. बौद्ध मठांचा राजाश्रय गेला, कन्फ्यूशियसची शिकवण राजधर्म झाली. आरंभीची दोनएक शतके ‘बुनचॉंग’ नावाची भांडी प्रचारात होती. राखी मातीवर पांढऱ्या मातीचा हात द्यावयाचा आणि त्यातून मासा, कमळ, कधी नुसताच कुंच्याचा फटकारा उमटवावयाचा. त्यात दरबारी ऐट मुळीच नाही. हळूहळू पांढऱ्या पोर्सिलेनने सर्वांना मागे सारले, कारण पूर्वजांच्या श्राद्धविधीला आणि विद्वानाच्या बैठकीला निष्कलंक पांढरे पात्रच योग्य असे मानले जाऊ लागले. राजवाड्यासाठी ही भांडी राजधानीजवळील ग्वांगजू येथील सरकारी भट्ट्यांत बनत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अमलात आलेल्या ‘ग्यॉंगगुक देजॉन’ या विधिसंहितेत राजाच्या भोजनव्यवस्थेच्या खात्याकडे ३८० कुंभार नेमून दिलेले आहेत. कायद्याच्या पुस्तकात कुंभारांची संख्या येते, हे वाचून आम्हांस प्रथम कौतुक वाटले. मग ध्यानात आले की ही मानाची यादी नसून वेठीची आहे. हे काम पुढे वंशपरंपरेने बांधलेले राहिले. दर दहाएक वर्षांनी आसपासचे सरपण संपले की भट्टी नव्या रानात हलवावी लागे, आणि तिच्यामागे कुंभारांची बिऱ्हाडेही निघत.

या भट्ट्यांतून सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंत जे मोठे पांढरे गोल रांजण निघाले, त्यांना आज चंद्ररांजण म्हणतात. एवढे पोट चाकावर एका दमात उभे राहत नाही, म्हणून दोन मोठे कटोरे तोंडाला तोंड लावून जोडीत. सांधा मध्यावर किंचित दिसतो, गोलाई कुठे थोडी कलते. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने १९३५ साली सोल येथे असा एक रांजण विकत घेतला. पुढे तो ल्यूसी री या कुंभारीण कलावतीकडे राहिला आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य कुंभारकामाला साधेपणाची जी ओढ लागली, तिच्यात या एका रांजणाचाही वाटा आहे.

परंतु कोरियन मातीचा खरा प्रभाव जगात पसरला तो अशा शांत मार्गाने नव्हे. १५९२ मध्ये टोयोटोमी हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली आणि १५९८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच ती थांबली. जपानी सरदारांना त्या वेळी चहाच्या विधीचे वेड होते आणि त्या विधीत कोरियन वाडग्यांना मोठी किंमत होती. परतताना या सरदारांनी इतर कैद्यांबरोबर कुंभारांची कुटुंबेच्या कुटुंबे जहाजांत घालून नेली. जपानात या युद्धाला पुढे ‘कुंभारांचे युद्ध’ असेही नाव पडले. करात्सु, हागी, सात्सुमा, आरिता ही आज प्रसिद्ध असलेली जपानी घराणी एक तर या कैद्यांनी उभी केली किंवा त्यांच्या हातांनी ती भरभराटीला आली. डोंगराच्या उतारावर चढत जाणारी लांब भट्टी आणि पायाने फिरवावयाचे चाक या गोष्टीही कोरियातूनच तेथे रुजल्या.

याच कैद्यांच्या बाजाराशी आपल्या गोव्याचा एक धागा जुळलेला आहे. फ्रान्चेस्को कार्लेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५९७ साली नागासाकीस पोचला, तेव्हा कोरियातून धरून आणलेली माणसे तेथे कवडीमोलाने विकली जात होती. त्याने पाच जण विकत घेतले, त्यांना बाप्तिस्मा देवविला आणि बरोबर गोव्यास आणून मुक्त केले. त्यांपैकी एकाला तो पुढे इटलीस घेऊन गेला. आपल्या प्रवासवृत्तात तो त्याचे नाव अंतोनियो असे देतो. बाकीचे गोव्यात राहिले. मांडवीच्या काठी त्या चौघांनी कोणाच्या भाषेत हाका मारल्या असतील, कोणत्या पात्रातून पाणी प्याले असतील, याचा विचार आमच्या मनातून जात नाही. एकाला नाव मिळाले, तेही दुसऱ्याने दिलेले. चौघांना तेवढेही मिळाले नाही.

आरिताची कथा थोडी वेगळी आहे. नाबेशिमा सरदाराने नेलेल्या कैद्यांत यी साम-प्यॉंग नावाचा एक कुंभार होता. परंपरा सांगते की १६१६ च्या सुमारास आरिता येथील इझुमियामा डोंगरात त्याला पोर्सिलेनला योग्य असा पांढरा दगड सापडला. तोपर्यंत जपानात पोर्सिलेन बनत नव्हते. पुढल्या अर्धशतकातच डच ईस्ट इंडिया कंपनी आरिताची भांडी इमारी बंदरातून गलबते भरभरून युरोपात नेऊ लागली. सॅक्सनीच्या शासकाला त्यांचे असे वेड लागले की १७१० साली माइसेन येथे त्याने कारखाना काढला आणि तेथे आरिताच्या नक्षीच्या नकला होऊ लागल्या. ड्रेस्डेनच्या राजवाड्यातील बशीपासून मागे मागे जावे तर एका कोरियन युद्धकैद्याच्या बोटांपाशी येऊन थांबावे लागते.

त्याच्याहून विलक्षण कथा एका वाडग्याची आहे. क्योतोच्या दाइतोकुजी मठातील कोहोआन या उपमठात सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा एक तपकिरी वाडगा जतन केलेला आहे. सोळाव्या शतकातील कोरियात तो घडला. त्याची झिलई बुडाशी गुठळ्या धरून राहिली आहे, आकार जरा वाकडा आहे. जपान सरकारने राष्ट्रीय संपत्ती म्हणून घोषित केलेले चहाचे वाडगे केवळ आठ आहेत, आणि त्यांतील कोरियन असा हा एकच. त्याचे नाव ‘किझाएमोन इदो’. किझाएमोन कोण? तो त्याचा कुंभार नव्हे, तर ओसाका येथील एक व्यापारी मालक. पुढे हा वाडगा मात्सुदाइरा फुमाई या सरदाराकडे आला. वाडगा बाळगणाऱ्याच्या अंगावर गळवे उठतात असा प्रवाद होता, म्हणून १८१८ साली फुमाई वारल्यावर त्याच्या विधवेने तो मठाला देऊन टाकला. यानागी मुनेयोशी या जपानी तत्त्वचिंतकाने १९३१ साली तो पाहिला आणि हा गरिबाच्या भाताचा साधा वाडगा आहे, घडवणाऱ्याला आपण काही सुंदर करीत आहोत याची जाणीवच नव्हती, म्हणून तो इतका सुंदर झाला, असा सिद्धान्त मांडला. हा सिद्धान्त सर्वांना मान्य नाही. तो वाडगा भाताचा नसून पूजाविधीचा असावा, असे कोरियातील काही अभ्यासक म्हणतात. आम्हांस तर ‘अजाणता’ या शब्दाविषयीच शंका वाटते. घडवणाऱ्याचे नाव ठाऊक नाही म्हणून त्याला जाणीवही नव्हती असे ठरवणे, हा पुरावा नसताना दिलेला निकाल आहे.

आता आम्ही थोडा वेळ आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलतो. मुदतीच्या कायद्याचे दोन परिणाम असतात, आणि त्यांतील भेद सामान्यतः लोकांस ठाऊक नसतो. एखाद्या मालमत्तेचा ताबा मिळविण्याची मुदत निघून गेली, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे त्या मालमत्तेवरचा मूळ मालकाचा हक्कच नष्ट होतो. कर्जाचे तसे नाही. कर्जवसुलीच्या दाव्याची मुदत संपली तर दावा बंद होतो, कर्ज नष्ट होत नाही. ऋणको ऋणकोच राहतो, फक्त त्याला न्यायालयात खेचता येत नाही. म्हणूनच १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २५ व्या कलमात अशी तरतूद आहे की मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी व सहीनिशी दिले, तर त्याबद्दल नवा मोबदला मिळाला नसतानाही ते वचन बंधनकारक ठरते. मेलेल्या गोष्टीला सही जिवंत करू शकत नाही. ऋण मेलेले नसते म्हणूनच सही त्याला उठवू शकते. किझाएमोनचा वाडगा मठाचा आहे, याविषयी आम्हांस वाद घालावयाचा नाही. तो विकत घेतला गेला, दान दिला गेला, शतके लोटली. मालकी स्पष्ट आहे. परंतु घडवणाऱ्याचे जे मागे उरते ते मालकीच्या जातीचे नसून ऋणाच्या जातीचे आहे, असे आम्हांस दिसते. त्याच्यावर दावा लागत नाही आणि त्याला मुदतही लागत नाही.

या ऋणाची कबुली कोणी कोणी दिली, ते पाहिले म्हणजे मन निवते. आरिताच्या लोकांनी यी साम-प्यॉंगला आपल्या तोझान देवस्थानात देवत्व दिले, आणि १९१७ मध्ये, कोरिया जपानच्या टाचेखाली असतानाच, डोंगरावर त्याचे स्मारक उभारले. ज्या देवस्थानाची कमानसुद्धा पोर्सिलेनची आहे, तेथे सम्राटाच्या शेजारी एक परका कुंभार पूजिला जातो. आसाकावा ताकुमी हा जपानी वनाधिकारी कोरियात नोकरीला गेला, तेथली भाषा शिकला, तेथला पोशाख वापरू लागला, आणि त्याने कोरियन भांड्यांच्या नावांचा एक कोशच तयार केला. कोणत्या भांड्याला घरात काय म्हणतात, ते कशासाठी वापरतात, हे त्याने घरोघर विचारून लिहिले. कुंभारांची नावे गेलीच होती, भांड्यांची तरी जाऊ नयेत, ही त्याची तळमळ. १९३१ साली चाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याचा ग्रंथ त्याच वर्षी त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाला, आणि त्याची समाधी आजही सोलमध्ये आहे.

आमच्या एका व्यवसायबंधूचाही येथे उल्लेख करावयास हवा. जॉन गॅड्सबी हे तोक्यो येथे वकिली करणारे इंग्रज गृहस्थ. केसॉंगजवळील गोर्योकालीन थडगी उकरून जी हिरवी भांडी बाजारात येत, त्यांचा उत्तम संग्रह त्यांनी केला होता. १९३७ साली त्यांनी तो विकावयास काढला तेव्हा चॉन ह्यॉंग-पिल हा तिशीतला कोरियन तरुण वडिलार्जित जमीन विकून तोक्योस गेला आणि वीस भांडी घेऊन मायदेशी परतला. त्याच्या दोन वर्षे आधी करकोच्यांच्या नक्षीच्या एका हिरव्या कलशासाठी त्याने वीस हजार मोजले होते. त्या पैशांत सोलमध्ये वीस चांगली घरे आली असती, असे सांगतात. आपल्याच पूर्वजांच्या थडग्यातून गेलेली वस्तू बाजारभावाने परत घ्यावयाची, आणि त्याबद्दल विक्रेत्याशी वाद घालावयाचा नाही, ही त्या तरुणाची रीत कायद्याच्या चौकटीत पूर्ण बसते, आणि तरीही तिच्यात काहीतरी असे आहे की जे कोणत्याही कायद्याने त्याच्याकडून मागितले नव्हते. १९३८ मध्ये त्याने या वस्तूंसाठी एक संग्रहालय बांधले आणि ते गान्सॉंग या त्याच्या टोपणनावाने आजही उभे आहे.

सर्वांत अधिक आम्हांस जवळची वाटली ती सात्सुमाची हकीकत. शिमाझु सरदाराने १५९८ साली नेलेल्या कुंभारांची वस्ती नाएशिरोगावा या गावी झाली. त्यांनी कोरियन नावे, पोशाख आणि भाषा सोडू नये असा सरदाराचाच हुकूम होता. तो प्रेमापोटी नव्हता, आपल्या ताब्यातील परक्या कारागिरांचा नमुना शाबूत राहावा म्हणून होता. परंतु गावाने आपल्या बरोबर देवही आणला. तामायामा नावाच्या टेकडीवरील देवस्थानात कोरियाचा आद्य पुरुष दानगुन याची पूजा होई, आणि भाषा रोजच्या बोलण्यातून जात असताही उत्सवातील कोरियन गीत टिकून राहिले. घर सोडताना देव बरोबर घेणे म्हणजे काय, आणि बाजाराची भाषा बदलली तरी आरतीची भाषा कशी टिकते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

त्या गावातील सर्वांचा मार्ग एक राहिला नाही. पाक आडनावाच्या एका घरातील मुलाच्या वडिलांनी १८८६ साली तोगो हे सामुराई घराण्याचे नाव मिळविले. तो मुलगा तोगो शिगेनोरी. १९४१ मध्ये महायुद्धात उडी घेताना आणि १९४५ मध्ये शरण जाताना जपानचा परराष्ट्रमंत्री तोच होता. शिम घराण्याने मात्र आपले नाव सोडले नाही. बाराव्या पिढीतील शिम सु-ग्वानची भांडी १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात गाजली, आणि तेव्हापासून प्रत्येक वारस तेच नाव धारण करतो. एकाने नाव बदलले म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. शाळेत, नोकरीत, दरबारात परके नाव किती जड होते, हे ज्याने वाहिले त्यालाच ठाऊक.

त्या घराण्यात पहिल्या पिढीच्या काळच्या वाडग्यांना ‘हिबाकारी’ म्हणतात, म्हणजे ‘केवळ अग्नी’. माती कोरियातून आणलेली, झिलई कोरियातून आणलेली, हात कोरियन. जपानचा होता तो केवळ अग्नी. १९९८ साली त्या देशांतराला चारशे वर्षे झाली तेव्हा चौदाव्या शिम सु-ग्वान यांनी उलट मागणी केली. आता माती सात्सुमाची आहे, विद्याही येथेच वाढली आहे, तेव्हा कोरियातून केवळ अग्नी आणावा. त्यांच्या पूर्वजांच्या नामवॉन या गावी अग्नी पेटवून तो समुद्रमार्गे कागोशिमाला आणण्यात आला आणि त्याने भट्टी पेटविण्यात आली. चौदावे शिम सु-ग्वान २०१९ साली वारले. पंधरावे त्याच गावी भांडी घडवीत आहेत आणि घराच्या दारावर तेच कोरियन नाव आहे.

त्या अग्नीची नोंद कोणत्याही दस्तात होणार नाही. त्याने कोणाची मालकी बदलली नाही, कोणी कोणाला काही परत केले नाही, भेट दिले नाही किंवा हवालीही केले नाही. नामवॉनच्या लोकांनी तो दिला आणि कागोशिमाच्या लोकांनी आपल्या भट्टीत घेतला, एवढेच घडले. १९६५ च्या करारात जो शब्द दोन सरकारांना सापडला नाही, तो या दोन गावांना शोधावाच लागला नाही. चारशे वर्षांपूर्वीचे देणे आहे, हे दोन्ही किनाऱ्यांनी त्या दिवशी मान्य केले, आणि आमच्या मते मुदतबाह्य ऋणाच्या कागदावर झालेली ती सही आहे.